ठिपकेदार डोळ्यांची माशी आणि हर्मन मुलर

दोंडाईचा असो वा रावेर, खानदेशातील घरात केळी जरा अधिक पिकली की त्यांभोवती बारीक चिलटे घोंगावू लागतात. याच कुळातील फळमाशी दुधाच्या बाटल्यांत, केळ्यांच्या लगद्यावर पोसून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांनी आनुवंशिकीचा पाया घातला. हर्मन जोसेफ मुलर (जन्म २१ डिसेंबर १८९०) हे त्यांच्याच तालमीत तयार झाले.

क्ष-किरणांनी जनुके बदलतात हे मुलर यांनी १९२७ मध्ये टेक्सास विद्यापीठात सिद्ध केले. १९४६ चे नोबेल पारितोषिक त्याबद्दलचेच. त्यांचे दुसरे निरीक्षण मात्र दीर्घकाळ कोडेच राहिले. काही माश्यांचे डोळे ना पुरते लाल, ना पुरते पांढरे, ठिपकेदार. १९३० मध्ये त्यांनी ते ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’मध्ये प्रसिद्ध केले. (हेच नियतकालिक पुढे हाल्डेन यांच्यासमवेत भारतात आले.) किरणांनी गुणसूत्र तुटून उलटे जोडले गेले होते. रंगाचे जनुक शाबूत होते, परंतु गुणसूत्राच्या घट्ट वेटाळलेल्या भागाशेजारी जाऊन पडले होते. त्यामुळे काही पेशींत ते जागे, तर काहींत मुके. पुढे इतरांनी ते तेथून दूर हलविले तेव्हा रंग परतला. दोष जनुकाचा नव्हता, शेजाराचा होता.

मुलर यांच्या वाट्यालाही स्थैर्य आले नाही. डाव्या विचारांचे हे शास्त्रज्ञ १९३२ मध्ये बर्लिनला आणि पुढल्या वर्षी वाविलोव यांच्या निमंत्रणावरून लेनिनग्राडला गेले. निवडक पुरुषांच्या बीजापासून उत्तम प्रजा घडविण्याची योजनाही त्यांनी स्टॅलिनपुढे मांडली. एवढ्या बुद्धिमंताची ही भाबडी आणि घातक समजूत. लायसेन्कोला मात्र १९३६ मध्ये त्यांनी उघड विरोध केला. त्यांच्यासमवेत टेक्सासमध्ये काम केलेले अगोल व लेवित यांना सोव्हिएत राजवटीने गोळ्या घातल्या. मुलर १९३७ मध्ये निसटले. एडिनबरो येथे एस. पी. रायचौधुरी हे भारतीय संशोधक त्यांच्या हाताखाली होते. गुणसूत्रांच्या टोकांना ‘टेलोमिअर’ हे नाव त्यांनीच १९३८ मध्ये दिले.

५ एप्रिल १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. जनुकांना मुके करणाऱ्या घट्ट भागात ठाण मांडून बसणारे एचपी१ हे प्रथिन १९८६ मध्ये फळमाशीतच सापडले. त्याला बसायला खूण करून देणारे विकर २००० मध्ये ओळखले गेले. ती खूण हिस्टोन प्रथिनावर उमटते, जनुकाच्या अक्षरांना हातही न लावता. माणसाच्या पेशीतही हीच व्यवस्था आहे.