कोपऱ्यातल्या टेबलावरची हॅटी

कॉलेजात असताना ‘गॉन विथ द विंड’ पहिल्यांदा पाहिला, तेव्हा माझं सगळं लक्ष स्कार्लेटकडे होतं. तिचे ते झगे, तो तोरा! परवा पुन्हा पाहिला आणि नजर खिळली ती तिच्या मॅमीवर. मधल्या वर्षांत मी घरकाम करणाऱ्या बायकांसाठी काम करू लागले, म्हणूनही असेल. मॅमी झालेली ही अभिनेत्री म्हणजे हॅटी मॅकडॅनिएल.

हॅटी अमेरिकेतल्या विचिटा गावात जन्मली. आईवडील दोघंही एके काळी गुलाम होते. तेरा भावंडांतलं हे शेंडेफळ. लहानपणापासून गाणं आणि नाटकाचं वेड. १९२९च्या मंदीत कामं गेली, तेव्हा मिलवॉकीच्या एका क्लबात बायकांच्या स्वच्छतागृहात ती काम करायची. पुढे त्याच क्लबात गाऊ लागली! १९३१मध्ये लॉस एंजेलिसला आली. सिनेमातलं काम पुरेसं नव्हतं, म्हणून लोकांच्या घरी राबली. आणि सिनेमात काम मिळालं तेही मोलकरणीचंच.

पण मैत्रिणींनो, ती मोलकरीण कशी करायची ते बघाच. कॉर्सेटच्या नाड्या आवळताना मॅमी स्कार्लेटला असं दटावते, की त्या घरात खरं बोलणारी ती एकटीच आहे, हे आपल्याला कळतं. छोटी बॉनी गेल्यावर ती मेलनीला घेऊन जिना चढते. घरात काय घडलं ते सांगताना तिचा आवाज फुटतो. जेमतेम काही मिनिटांचा प्रसंग, पण माझ्या घशात आवंढा आला. ‘इन धिस अवर लाइफ’मध्ये (१९४२) तिच्या मुलावर अपघाताचा खोटा आळ येतो. तिथे ती आरडाओरडा करत नाही. मुलगा घरीच होता, एवढंच शांतपणे सांगते. आपल्यावर कोण विश्वास ठेवणार, हे तिच्या चेहऱ्यावरच दिसतं.

डिसेंबर १९३९मध्ये अटलांटाला ‘गॉन विथ द विंड’चा पहिला खेळ झाला. तिथल्या वर्णभेदाच्या कायद्यांमुळे हॅटीला जाता आलं नाही. २९ फेब्रुवारी १९४०ला तिला सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय. मेलनी झालेली ऑलिव्हिया डी हॅविलंडही त्याच पुरस्काराच्या स्पर्धेत होती. पण हॉटेल गोऱ्यांचं! हॅटीला बाकीच्या कलाकारांपासून दूर, भिंतीलगतच्या छोट्या टेबलावर बसवलं होतं.

तिच्याच समाजातले लोक तिच्यावर रागावले. सतत मोलकरणीच का, म्हणाले. त्यांचंही चूक नव्हतं. पण खरी मोलकरीण होण्यापेक्षा पडद्यावरची होणं परवडलं, असं हॅटीचं रोखठोक म्हणणं. गोऱ्या शेजाऱ्यांनी कृष्णवर्णीयांना वस्तीतून घालवायला कोर्टात खेचलं, तेव्हा मात्र तिने इतरांसोबत लढा दिला आणि १९४५मध्ये ते जिंकले.

१९५२मध्ये स्तनाच्या कर्करोगाने ती गेली. हॉलिवूडच्या दफनभूमीत विसावायची तिची इच्छा होती. तिथेही रंग आडवा आला. १९९९मध्ये तिथे तिचं स्मारक उभं राहिलं. तिने हॉवर्ड विद्यापीठाला दिलेलं ऑस्कर हरवलं होतं, ते २०२३मध्ये अकादमीने नव्याने दिलं.

आता कुठलाही जुना सिनेमा लागला, की चहाचा ट्रे घेऊन येणाऱ्या बाईकडे माझं आधी लक्ष जातं. तुम्हीही बघा. तिच्याकडेही सांगण्यासारखं असतं.