प्रज्ञाचक्षू श्री संत गुलाबराव महाराज

राजुऱ्याजवळून वाहणारी वर्धामाई वरच्या अंगाला अमरावती जिल्ह्याची सीमा धरून येते. त्या जिल्ह्यातील श्री गुलाबराव महाराजांचे नाव येथे येणाऱ्या बहुतेकांनी ऐकलेले असते. परंतु ते ऐकलेले असते चमत्कारकथांसह. या पानावर त्यांच्या अंधत्वाविषयी, आणि त्याकडे पाहणाऱ्या डोळसांविषयी, थोडे सांगावयाचे आहे.

महाराजांचा जन्म शके १८०३, आषाढ शुद्ध दशमीस, म्हणजे दि. ६ जुलै १८८१ रोजी लोणी टाकळी येथे झाला. पित्याचे नाव गोंदुजी मोहोड, मातेचे अलोकाबाई; घराणे माधानचे, शेतकरी. वयाच्या नवव्या महिन्यात डोळ्यांवर चुकीचा औषधोपचार झाला आणि दृष्टी गेली. चौथ्या वर्षी मातृछत्र हरपले. पुढे मातामहीने लोणी येथे त्यांचा सांभाळ केला. अंधत्व हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, अशी समजूत तेव्हा घरोघरी होती. आजही ती पुरती गेलेली नाही. येथे तर कारण उघड होते. औषध चुकले होते, बालक नव्हे.

अंधांसाठी शिक्षणाची सोय त्या काळी वऱ्हाडातील खेड्यात कोठून असणार? दादरची अंधशाळा १९०० साली निघाली आणि भारतीय भाषांसाठी ब्रेल लिपी निश्चित झाली ती १९५१ साली. तेव्हा महाराजांपुढे एकच मार्ग होता : दुसऱ्याकडून ग्रंथ वाचून घ्यावा, तो मनात साठवावा आणि आपले म्हणणे दुसऱ्याकडून लिहवून घ्यावे. याच मार्गाने त्यांनी वेदान्त, योग, भक्तिशास्त्र, आयुर्वेद आणि संगीत यांवर शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ सिद्ध केले. डार्विन व स्पेन्सर यांची मते ऐकून घेऊन त्यांचेही परीक्षण केले. एवढेच नव्हे, तर स्वतःची एक सांकेतिक भाषा रचून तिला ‘नावंग’ असे नाव दिले.

ग्रंथ हाती घेताच आतील मजकूर त्यांना कळे, अशी कथा भक्तजन आदराने सांगतात. श्रद्धेचा मान राखूनही एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. केवळ चमत्कार म्हटले की वाचून दाखविणाऱ्यांचा आवाज, लिहून घेणाऱ्यांचा हात आणि ऐकणाऱ्याची रात्रंदिवसाची एकाग्रता, या तिन्ही गोष्टी विस्मृतीत जातात. कीव करणारा अंध माणसाचे सामर्थ्य पाहत नाही. चमत्कार मानणाराही त्याचे कष्ट पाहत नाही.

१८९६ साली त्यांचा विवाह मनकर्णिकाबाईंशी झाला. १९०१ साली श्रीज्ञानेश्वर माउलींनी स्वनामाचा मंत्र दिला, अशी त्यांची अनुभूती होती. तेव्हापासून ते स्वतःस ज्ञानेश्वरकन्या म्हणवू लागले. श्रीकृष्णाची पत्नी या भावाने त्यांनी मंगळसूत्र व कुंकू धारण केले. १९०५ साली कात्यायनीव्रत आचरिले. अंध, शेतकरी कुळातील, त्यात हा वेष. आणि सांगतो वेदान्त! अनेक विद्वानांना हे रुचले नाही. महाराजांनी वेषही टाकला नाही आणि प्रवचनही. ज्ञान आणि प्रेमभक्ती यांचा मेळ घालणाऱ्या आपल्या विचारास त्यांनी मधुराद्वैत म्हटले. ‘संप्रदायसुरतरु’ हा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ.

आपल्या दर्शनरांगेतही कधी अंध यात्रेकरू उभा असतो. न विचारता त्याच्या हातावर नाणे ठेवले जाते, किंवा दंड धरून त्याला पुढे ओढले जाते. हेतू चांगलाच असतो. पण त्याला काय हवे, हे त्यालाच विचारावे, सोबत्याला नव्हे. आणि आधार हवा असल्यास आपला हात पुढे करावा, तो कोपराला धरून चालेल.

दि. २० सप्टेंबर १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, पुणे येथे महाराजांनी देह ठेवला. त्यांचे कार्य शिष्य बाबाजी महाराज पंडित यांनी पुढे चालविले. माधान हे गाव अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजार तालुक्यात आहे.