जॉन मोझेस ब्राउनिंग

जॉन ब्राउनिंग यांचा जन्म इ. स. १८५५ त अमेरिकेंतील युटा प्रांतीं ऑग्डेन येथें झाला. बंदुका घडविण्याची विद्या त्यांस वडिलांच्याच दुकानीं मिळाली. १८८३ पासून विंचेस्टर कंपनी त्यांचे शोध रोख रकमेस विकत घेऊं लागली. चापाखालची तरफ पुढें लोटून मागें ओढतांच नवें काडतूस नळींत बसविणारी १८९४ ची शिकारी रायफल त्यांचीच. पण तिजवर नांव कंपनीचें! ब्राउनिंगांची खूण म्हणजे जुन्या रायफलींवर कोरलेली २१ ऑगस्ट १८९४ ही पेटंटची तारीख. भोळें गिऱ्हाईक तीच रायफलीची जन्मतिथि समजतें. खरें वर्ष खालच्या अंगावरील अनुक्रमांकावरून काढावें लागतें. १९०२ त कंपनीनें विक्रींतील हिस्सा नाकारतांच ते बेल्जमकडे वळले. तेथील कारखान्यांतच १९२६ त त्यांचा देह पडला.