मार्कंडीकाठचा यात्रिक

बेळगावहून पश्चिमेकडे निघालेला रस्ता सह्याद्रीच्या रांगांकडे वळू लागतो, तेथे बेळगुंदी हे गाव आहे. गावापलीकडे वैजनाथाचा डोंगर दिसतो आणि त्याच परिसरातून मार्कंडी नदी खाली येते. नदी म्हणावी एवढी ती मोठी नाही. उन्हाळ्यात तर तिची धार बारीक होते. पुढे ती घटप्रभेला मिळते आणि घटप्रभा कृष्णेला. आपल्या निपाणीच्या वाचकांपैकी पुष्कळांनी बेळगावच्या वाटेवर तिचा पूल ओलांडला असेल. नाव मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल. या लहानशा नदीच्या काठी ज्याचे बालपण रमले, त्या मुलाने पुढे गंगेच्या व यमुनेच्या उगमापर्यंत पायी मजल मारली. तो मुलगा म्हणजे दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर, अर्थात काकासाहेब.

त्यांचा जन्म १ डिसेंबर १८८५ रोजी सातारा येथे झाला. घराणे मूळचे सावंतवाडीजवळच्या कालेली गावचे. आडनाव त्यावरूनच पडले. वडील सरकारी नोकरीत हिशेबाचे काम पाहत आणि बदलीमागून बदली होई. सातारा, कारवार, बेळगाव, सावनूर अशी ठिकाणे मुलाने शाळेच्या वयातच पाहिली. प्रवास बहुधा बैलगाडीचा. आज तीन तासांत संपणारी वाट त्या काळी दोन मुक्कामांची असे, आणि त्या मुक्कामांतच डोंगर, नाले, घाट, देवळे, निरनिराळ्या बोली यांची ओळख होत असे. मराठी, कोकणी आणि कानडी कानांवर एकाच वेळी पडण्याचे भाग्य सीमाभागातील मुलांना लाभते. काकासाहेबांना ते भरपूर लाभले.

१९०३ साली ते मॅट्रिक झाले आणि १९०७ साली पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाले. वकिलीचा अभ्यास त्यांनी अर्ध्यावर सोडला. बेळगावच्या गणेश विद्यालयात शिक्षक झाले, काही काळ ‘राष्ट्रमत’ या दैनिकात काम केले आणि १९१० मध्ये बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात गेले. बॅरिस्टर केशवराव देशपांडे यांच्या प्रेरणेने चाललेली ही राष्ट्रीय शाळा होती. सरकारची वक्रदृष्टी तिच्यावर होतीच. १९१२ साली शाळा बंद पडली. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा हा शिक्षक एकाएकी रिकामा झाला. अशा वेळी दुसरी नोकरी शोधणे हा सरळ मार्ग होता. त्यांनी हिमालयाची वाट धरली.

ही सहल नव्हती. मोक्षाची ओढ आणि देश स्वतंत्र करण्याची ओढ, या दोहोंची त्यांच्या मनात झुंज चालली होती, आणि तिचा निकाल त्यांना लावायचा होता. तरुण पत्नी लक्ष्मीबाई मागे राहिल्या होत्या, हेही येथे सांगितले पाहिजे. थोर पुरुषांच्या चरित्रांत गृहत्यागाचे वर्णन मोठ्या उत्साहाने केलेले असते. घरी राहिलेल्यांच्या दिवसांविषयी बहुधा एक ओळही नसते. त्या दिवसांचे मोल काकासाहेबांच्या पायपिटीपेक्षा कमी होते असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही.

त्यांच्या सोबतीला अनंतबुवा मर्ढेकर आणि स्वामी आनंद होते. त्या काळचा हिमालय आजच्यासारखा मोटारीने गाठता येत नसे. केदारनाथ साडेतीन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि यमुनोत्री त्याहून फारशी खाली नाही. हृषीकेश सोडल्यावर सारी भिस्त पायांवर. वाटेत ठिकठिकाणी ‘चट्टी’ असे. चट्टी म्हणजे डोंगरी पडाव. दुकानदाराकडून पीठ, डाळ, तूप विकत घ्यावे, त्याचीच भांडी वापरावीत, स्वतः स्वयंपाक करावा आणि तेथेच पथारी टाकावी. राहण्याचे भाडे निराळे नसे.

हिमालयाचे वर्ष आपल्या सह्याद्रीच्या वर्षापेक्षा निराळे. आपल्याकडे आषाढात घाटांत धुके दाटते, ओढे फुगतात, निसरड्या पायवाटा बंद होतात; पण दिवाळीनंतर गड-डोंगर पुन्हा मोकळे. तेथे अक्षय्यतृतीयेच्या सुमारास देवळांची दारे उघडतात आणि दिवाळीच्या सुमारास मिटतात. मग बर्फ पडू लागते आणि देव स्वतःच खाली उतरतात. केदारनाथाची पूजा उखीमठला होते, गंगोत्रीची मूर्ती मुखबा गावी येते, यमुनोत्रीची खरसालीला. मधल्या पावसाळ्यात दरडी कोसळून वाट नाहीशी होते. ज्याला तेथे हिंडायचे त्याला ऋतूची आज्ञा मानूनच हिंडावे लागते. यमुनोत्री, गंगोत्री, केदार आणि बदरी ही चारही धामे या तिघांनी पायी केली. केवळ तीर्थे उरकणे हा हेतू नव्हता. नदीचे वळण, देवदारांची वने, पहाडी माणसांचे कष्ट, साधूंचे खरेखोटेपण, सारे काकासाहेब डोळसपणे पाहत होते.

आणि मग ते खाली उतरले. हिमालयातच राहून साधना करावी अशी इच्छा घेऊन गेलेला हा पुरुष माणसांत परतला. ब्रह्मदेश पाहून आला, शांतिनिकेतनात राहिला. तेथेच १९१५ साली त्यांची व गांधीजींची भेट झाली आणि मनातील झुंज मिटली. पुढे ते साबरमती आश्रमाच्या शाळेत शिक्षक झाले. हिमालयाच्या प्रवासाची हकिकत त्यांनी लिहिली ती या आश्रमातील विद्यार्थ्यांच्या हस्तलिखित मासिकासाठी, आणि तीही गुजरातीत. पुस्तकरूपाने ती १९२४ साली निघाली. आपल्या शाळेचे हस्तलिखित ज्यांनी रात्री जागून सजवले आहे, त्यांना ही गोष्ट ऐकून बरे वाटेल. मराठी आईबापांच्या या लेखकाला गांधीजींनी पुढे सवाई गुजराती म्हटले.

फिरण्याचा नाद मात्र सुटला नाही. १९२७ साली गांधीजी म्हैसूर संस्थानात सागर येथे आले असता जवळचा गिरसप्प्याचा धबधबा त्यांनी पाहावा, असा काकासाहेबांनी आग्रह धरला. गांधीजी गेले नाहीत. हाती घेतलेले काम सोडून निसर्गशोभा पाहण्यास जाणे त्यांना मानवले नाही. काकासाहेब गेले. कोणाचे बरोबर, हे वाचकांनी ठरवावे. पण नद्यांवरील ‘लोकमाता’सारखे पुस्तक लिहिणारा माणूस त्या धबधब्याजवळून पाठ फिरवता, तर त्या पुस्तकाला आपण मुकलो असतो. त्याच लेखनात मार्कंडीलाही मानाचे स्थान आहे.

सत्याग्रहात त्यांना अनेकदा तुरुंगवास घडला. १९३० मध्ये येरवड्यास ते गांधीजींच्या सोबत होते. पुढे त्यांना बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या तुरुंगात ठेवण्यात आले. बेळगुंदी तेथून काही मैलांवर, आणि मार्कंडी तर हिंडलग्याजवळूनच वाहते. ज्याने चार धामे पायाखाली घातली, त्याला आपल्या बालपणीच्या नदीपर्यंत जाण्याची मोकळीक नव्हती. या तुरुंगवासाची आठवण ‘हिंडलग्याचा प्रसाद’ या त्यांच्या मराठी पुस्तकाच्या नावात राहिली आहे.

स्वातंत्र्यानंतर ते १९५२ ते १९६४ राज्यसभेचे सभासद होते आणि १९५३ साली नेमलेल्या मागासवर्ग आयोगाचे अध्यक्षही. पूर्व आफ्रिका पाहिली, जपानला गेले, त्यांवर पुस्तके लिहिली. तरुणपणी क्षयाने गाठलेला हा देह पंच्याण्णव वर्षे टिकला. २१ ऑगस्ट १९८१ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

मार्कंडीवर आता राकसकोपचा जलाशय आहे आणि बेळगावच्या घराघरांत तिचे पाणी जाते. श्रावणात पाऊस थोडा उघडला की बेळगुंदीच्या बाजूला भातशेते हिरवीगार असतात आणि वैजनाथाच्या माथ्यावर ढग टेकलेले असतात. निपाणीहून सकाळी निघाले तर संध्याकाळपर्यंत परत येता येते.