नारायण मेघाजी लोखंडे : प्लेगच्या काळात लोकांसोबत राहिलेला ठाण्याचा नेता

९ फेब्रुवारी १८९७ रोजी मुंबईत, प्लेगच्या रुग्णांसाठी झटत असताना, त्याच रोगाने नारायण मेघाजी लोखंडे यांचे निधन झाले. वयाची पन्नाशीही त्यांनी गाठली नव्हती. महिनाभराने, १० मार्चला, सावित्रीमाई फुले पुण्यात प्लेगच्याच रुग्णांची सेवा करताना गेल्या. सावित्रीमाईंचे बलिदान आपल्या घराघरांत सांगितले जाते. लोखंडे मात्र आपल्याला रविवारच्या सुट्टीपुरतेच माहीत असतात. ते ठाण्याचे होते, हे ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या अनेक तरुणांनाही ठाऊक नसते.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात एका गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. मॅट्रिकपर्यंत शिकून त्यांनी रेल्वेत, मग पोस्टात आणि त्यानंतर मुंबईत मांडवीच्या कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून नोकरी केली. गिरणीत कामगारांचे हाल त्यांनी रोज पाहिले. पुढे नोकरी सोडून ते चळवळीत उतरले. जोतीराव फुले यांचे ते सत्यशोधक सहकारी. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ त्यांनी १८८० मध्ये मुंबईला आणले आणि कामगारांचा आवाज बनवले.

सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार या मागण्या त्यात होत्या. आणखी एक मागणी आपण विसरता कामा नये. काम करताना जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी. यंत्राने हात तुटला तर ते कामगाराचे नशीब नव्हे. धोका ज्याला आधीच माहीत होता, त्याच्यावरच त्याची जबाबदारी आहे, हा त्या मागणीचा अर्थ होता. सहा वर्षांच्या लढ्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीतच डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. हे संकट आभाळातून पडले नव्हते. १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये प्लेगने थैमान घातले होते आणि मुंबईचा त्या बंदराशी व्यापार चालू होता. गिरणगावातल्या एकेका खोलीत किती माणसे कोंबली आहेत, तिथल्या गटारांची अवस्था काय आहे, हे सरकारला आणि नगरपालिकेला माहीत होते. तरीही तयारी झाली नाही. रोग पसरल्यावर मात्र जबरदस्ती सुरू झाली. रुग्णांना घरातून उचलून नेले जाऊ लागले, कल्याण स्टेशनवर गाड्या थांबवून प्रवाशांची तपासणी होऊ लागली. भीती आणि संतापाच्या भरात ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. लाखो लोक शहर सोडून गेले.

लोखंडे गेले नाहीत. लोकांचा विश्वास बसेल असे उपचार मिळावेत म्हणून त्यांनी मराठा हॉस्पिटल उभे करण्यात पुढाकार घेतला आणि रुग्णांमध्ये वावरत राहिले. सरकारने १८९५ मध्ये दिलेली रावबहादूर ही पदवी त्यांच्याजवळ होती. सुरक्षित जागी राहून पत्रके काढणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी ते केले नाही.

त्यांच्या मृत्यूच्या पाच दिवस आधी, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, साथरोग कायदा झाला. त्याने सरकारला अमर्याद अधिकार दिले. त्याच्या चौथ्या कलमाने सद्हेतूने केलेल्या कृतीबद्दल कोणावरही खटला भरता येणार नाही, असे संरक्षणही दिले. सत्ता पूर्ण, जाब मात्र नाही. हाच कायदा मार्च २०२० मध्ये कोरोनासाठी महाराष्ट्रात लागू झाला.

आता आपल्या शहरांकडे पाहू. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत कल्याण-डोंबिवली महापालिकेत एकही निवडून आलेला नगरसेवक नव्हता. मुदत नोव्हेंबर २०२० मध्येच संपली होती आणि कारभार प्रशासकाकडे होता. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या महापालिका रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयाच्या जागी नवे बांधकाम सुरू असल्याने कळव्यावरचा भार वाढला होता. हा भार वाढणार, हे आधी कळण्यासारखे नव्हते का? चौकशी समिती नेमली गेली. पण तेव्हा ठाण्यातही सभागृहात प्रश्न विचारायला नगरसेवक नव्हते.

बाबासाहेबांनी जोतीरावांना गुरू मानले. त्याच जोतीरावांच्या या सहकाऱ्याकडून आपण दोन गोष्टी घ्यायला हव्यात. संकटात वस्तीत थांबणे ही पहिली. ती आपले कार्यकर्ते कोरोनातही करत होते. दुसरी जास्त अवघड आहे. सह्या गोळा करून, आकडे मांडून, सत्तेला लेखी जाब विचारणे. आपल्या प्रभागात खाटा किती, डॉक्टरांच्या जागा किती रिकाम्या, आरोग्यावरचा मंजूर निधी किती खर्च झाला, हे माहिती अधिकारात विचारता येते. सेवा करणाऱ्याचा आपण सत्कार करतो. पण जो धोका दिसत असूनही गप्प बसला, त्याला मत मागायला आल्यावर हा प्रश्न विचारला नाही, तर पुढच्या साथीतही किंमत आपल्याच वस्त्या मोजतील.