जेफरसनची पुस्तकं ओळखायची कशी? खूण आतल्या पानाच्या तळाशी आहे

अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन. १८१४ मध्ये ब्रिटिशांनी संसदेचं ग्रंथालय जाळलं, तेव्हा कर्जात बुडालेल्या जेफरसननी आपली ६,४८७ पुस्तकं २३,९५० डॉलरला संसदेला विकली. १८५१ च्या आगीत त्यातली जवळपास दोन तृतीयांश जळाली.

पण गडी थांबतोय कुठे? विकल्यावर पुन्हा खरेदी सुरू! १८२६ मध्ये ते गेले, कर्ज मागे राहिलं. ते फेडायला आधी त्यांच्या मळ्यावरची गुलाम माणसं विकली, मग १८२९ मध्ये पुस्तकं.

ही विखुरलेली पुस्तकं ओळखतात कशी? पूर्वी पुस्तकाच्या जुड्या क्रमाने लावता याव्यात म्हणून पानाखाली अक्षर छापत. जेफरसन छापील ‘आय’च्या आधी हाताने ‘टी’ लिहायचे आणि ‘टी’नंतर ‘आय’. लॅटिन पद्धतीत ‘जे’ऐवजी ‘आय’च!

२०११ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांची ७४ पुस्तकं ओळखली गेली. १८८० च्या देणगीतून आलेली, तेव्हापासून तिथेच होती.