मोळी, आंघोळ आणि पंढरपूरचे दार

९ फेब्रुवारी १९३३ रोजी नाशिकच्या तुरुंगात एका सत्याग्रही कैद्याने आपल्या आईच्या आठवणी लिहायला घेतल्या. १३ तारखेच्या पहाटे त्या लिहून झाल्या. पाच दिवसांत उतरलेले ते पुस्तक म्हणजे ‘श्यामची आई’. लेखक पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच आपले साने गुरुजी.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातल्या पालगडचा. घरची परिस्थिती बेताची. १९१७ मध्ये आई गेली, तेव्हा मुलगा शिक्षणासाठी दूर होता. शेवटची भेटही झाली नाही. १९२४ पासून त्यांनी अमळनेरला शिक्षकी केली आणि १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उडी घेतली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने उतरवून घेतली, ती त्यांनीच.

‘श्यामची आई’ घरोघरी डोळे पुसत वाचली गेली. त्यावरच्या आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. पण डोळे ओले झाले म्हणजे मन मोठे होते का?

पुस्तकात एक प्रसंग आहे. अस्पृश्य मानलेल्या जातीतली एक म्हातारी लाकडांच्या मोळीपाशी अडून बसलेली असते. आई श्यामला सांगते, जा, मोळी तिच्या डोक्यावर चढव. मात्र घरी आल्यावर आंघोळ कर, असेही सांगते. त्या माउलीची करुणा रूढीच्या उंबरठ्यापर्यंत आली आणि तिथे थांबली. गुरुजींनी ती आंघोळ लपवली नाही. आणि हे लिहिले गेले त्या नाशकात २ मार्च १९३० पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह चालू होता!

आई जिथे थांबली, तिथून मुलगा पुढे निघाला. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण आरंभले. तनपुरे महाराजांनी आपल्या मठात त्यांना जागा दिली. १० मे रोजी मंदिर खुले होण्याचा निर्णय झाला, तेव्हाच उपोषण सुटले. पुढे ११ जून १९५० रोजी गुरुजी गेले.

पुस्तक आपल्याला दुसऱ्याच्या दुःखापर्यंत नेऊन सोडते. पुढचे पाऊल ज्याचे त्याने टाकायचे असते. मुलांना ‘श्यामची आई’ वाचून दाखवताना त्या आंघोळीपाशी थोडे थांबावे. आंघोळ कशासाठी, असे मुले विचारतील. त्यांना खरे उत्तर द्यावे.